पाठीवरची थाप

सचिवालय नव्या रायपुरात गेलं, तेव्हा त्या रुंद रस्त्यावर बसची वाट पाहता पाहता आमचे दोन कारकून रिटायर झाले. मी डोळ्यांनी पाहिलं. तिथंच माझी पाठ आखडली. इतकी, की साहेबापुढं वाकता येईना आणि साहेब मला युनियनचा पुढारी समजून स्वतःच उठून उभा राहू लागला.

बायकोला जाऊन वर्ष झालं होतं.

रायपुरातच नागपूरकडच्या एक बाई तंत्रोपचाराने अंग मोकळं करतात, असं कळलं. तंत्र म्हटल्यावर मी पाच लिंबं आणि नारळ घेऊन पोचलो. बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी लिंबांचं सरबत केलं. म्हणाल्या, इथं फक्त श्वास आणि हात, अंगात काही येत नाही. मग अर्धा तास नुसती विचारपूस. हात कुठं लागेल, कुठं लागणार नाही, कपडे अंगावरच राहतील, थांबा म्हटलं की हात थांबेल. मी प्रत्येकाला हव, हव करत होतो.

"हव नको, भाऊ," त्या म्हणाल्या. "रायपूरचं हव म्हणजे नुसतं ऐकलं. मले हो पाहिजे, नाही तर नाही."

हो म्हणालो.

त्यांचा तळवा दोन खांद्यांच्या मधोमध येऊन थांबला आणि मी रडलो. खारून नदीला त्या वर्षी अवेळी पूर आला, तो माझा.

ती जागा बायकोची होती. चारचौघांत माझी गोष्ट हाताबाहेर गेली, की ती तिथंच एक थाप मारायची आणि म्हणायची, "झालं?" मी थापा मारायच्या, तिने थाप द्यायची. तीस वर्षं संसार या देवाणघेवाणीवर चालला. ती असताना माझ्या गोष्टीतल्या त्या बसला फार तर दोन तास लागायचे.

तिसऱ्या खेपेला उठता उठता मी बोलून गेलो, "बाई, इथं एक थाप मारा. जोरात. अन् 'झालं?' असं म्हणा."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"नाही, भाऊ. माझा हात इलाजाचा आहे. ती थाप वहिनीची. मी मारली तर तुम्ही पाठीसाठी नाही, वहिनीसाठी येऊन राहाल. अन् मी काही त्या नाही."

आवाज मऊ होता, पण नाही म्हणजे नाही. फाटकापर्यंत मला त्यांचा भयंकर राग आला. फाटकाबाहेर पाठ सरळ होती आणि रागावायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर स्टॉपवर एक चौकीदार बसला होता. त्याला कारकुनांची गोष्ट सांगितली. यावेळी दोन नाही, सात रिटायर केले. तो हव, हव करत राहिला. गोष्ट संपली तसा मी सवयीने पाठ जराशी पुढं करून थांबलो.

बस त्या दिवशी वेळेवर आली.