माझं कार्ड द्या

"हे कार्ड काढ गळ्यातलं," ताई म्हणाल्या. "आणि पटकन घरी जाऊन लुगडं नेसून ये. तुझ्या आईचं ते हिरवं आहे ना, तेच."

मला वाटलं, थट्टा करतायत.

"सतरंजी रिकामी दिसतेय. बायका आल्याच नाहीत. तू पुढे बस. पाहुण्यांनी विचारलं तर सांग, पाळणाघर झाल्यापासून निर्धास्त कामाला जाते."

"ताई, मी स्टाफ आहे."

"असू दे गं. तू तशीच दिसतेस. कुणाला कळणार नाही."

तशीच दिसतेस. म्हणजे कशी? काळी. उन्हात रापलेली. आगऱ्याची पोर. एमएचं सर्टिफिकेट काही कपाळावर चिकटवून फिरता येत नाही.

त्यांनी हात पुढे केला. मी कार्ड काढून दिलं. त्यांनी ते पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली.

ताई म्हणजे एका परदेशी महिला विकास संस्थेच्या आमच्या भागातल्या प्रमुख. संस्थेचं देशातलं मुख्य ऑफिस दिल्लीला. आमची दोन छोटी ऑफिसं, एक पेणला, एक रोह्याला. मी त्यांची पगारी कार्यकर्ती. वडखळच्या पुढे, खाडीकडे माझंच गाव. तिथलं पाळणाघर माझ्याकडे होतं.

ताई पुण्याच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्याच घरात राहिल्या होत्या. आईच्या हातची तांदळाची भाकरी, खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण, बोटं चाटून खायच्या. गावच्या एका हळदीला आईनं त्यांना स्वतःचं हिरवं लुगडं नेसवलं. निऱ्या काढताना आई हसत होती, "कशी आमच्यातलीच दिसतं गो!" ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पाहिलंय. ते पाणी खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लागतं. आमचं मीठ खाल्लं होतं त्यांनी, आमच्याच उरल्यासुरल्या मिठागरातलं.

मला बोलायला त्यांनीच शिकवलं. शिबिरात त्या विचारायच्या, "गप्प बसणार?" आणि आम्ही साऱ्या ओरडायचो, "नाही!"

आमच्या गावच्या बायका पूर्वी मिठागरात राबायच्या. मिठागरं संपली. आता बहुतेक जणी पेणला गणपतीच्या कारखान्यात जातात. कच्च्या मूर्ती कागदानं घासून गुळगुळीत करायच्या. दिवसभर पांढरी धूळ. केसांत, नाकात, डब्यातल्या भाकरीवरही. तिथे तान्हं पोर कसं न्यायचं? म्हणून पाळणाघर. बायकांनी मागितलेली ती एकच गोष्ट होती.

शिमग्याच्या सुमारास ते बंद झालं. दिल्लीहून कळलं, या कामाचा टप्पा संपला. पोरांना सांभाळणाऱ्या मावशी घरी बसल्या. दाराला कुलूप. पण वर, परदेशात जाणाऱ्या माहितीत पाळणाघर चालूच होतं. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. दर महिन्याच्या बैठकीत मी तोंड उघडायची, "ताई, पाळणाघर बंद आहे." ताई म्हणायच्या, "माहितीये मला. पुढच्या बैठकीत घेऊ."

माझ्या शेजारच्या सुनंदाची थोरली मुलगी, सारिका. सातवीत होती. पाळणाघर बंद झालं तसं सुनंदानं तिला घरी बसवलं, धाकट्याला सांभाळायला. दुसरा इलाजच नव्हता. वर्गात पहिली-दुसरी यायची पोरगी. मला रस्त्यात भेटली की मान खाली घालून जायची, जसं काही तिचंच चुकलं होतं.

आणि आता परदेशातून बाई येणार होत्या, संस्थेचं काम तपासायला. ऐन गणपतीच्या सीझनला. मी बायकांना बोलवायला गेले तर सुनंदा म्हणाली, "बंद पालनाघर दाखवाला आमी रोज बुरवाचा काय गो?" सीझनला एका दिवसाची मजुरी कोण सोडणार? ती कारखान्यात गेली. बाकीच्याही गेल्या.

त्या दिवशी सकाळीच कुलूप काढलं. खेळणी पुसली. अंगणवाडीतली पोरं आणून बसवली. सारिका भावाला कडेवर घेऊन बघायला आली, तर तिलाही दारात उभं केलं. लहान पोर आहे, फोटोत बरं दिसेल.

मी लुगडं नेसून आले. का आले? नोकरी होती म्हणून. आणि सांगणाऱ्या ताई होत्या म्हणून. सतरंजीवर चार म्हाताऱ्या होत्या, त्यांत माझी आई. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ह्ये काय गो सोंग?"

मी तिच्या शेजारी बसले. सतरंजीवर बसण्याची लाज मला वाटली नाही. माझी आई जन्मभर जमिनीवरच बसली आहे. लाज वाटली ती या गोष्टीची, की माझा चेहरा, माझ्या आईचं लुगडं, आमचा रंग, सगळं यांच्या वापरातलं सामान झालं होतं.

पाहुण्या बाई खुर्चीवर बसल्या. गोऱ्या, वयस्कर, चेहऱ्यानं चांगल्या. शेजारी दिल्लीचे साहेब. मध्ये ताई, आमचं मराठी इंग्रजीत सांगायला. बाईंनी सारिकाकडे बोट केलं आणि विचारलं, ही मुलगी शाळेत जात नाही का?

ताईंनी सारिकाला काहीच विचारलं नाही. हसून इंग्रजीत म्हणाल्या, आज शाळेला सुट्टी आहे.

सारिकाला इंग्रजी कळलं नाही. आपल्याविषयी काहीतरी चांगलं बोलल्या असतील, असं वाटून तीही हसली. ते हसू मला सोसलं नाही. माझा अपमान मी गिळला होता. हिचा गिळणार नव्हते.

"ताई," मी बसल्या जागेवरून म्हटलं, "माझं कार्ड द्या."

बाईंनी विचारलं, ही काय म्हणतेय?

ताई म्हणाल्या, तिला पाणी हवंय.

पाणी!

आणि खरंच कुणीतरी लगबगीनं पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली. मी ती खाली ठेवली. उठून उभी राहिले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलले. मी यांच्या ऑफिसात काम करते. माझं कार्ड यांच्या पर्समध्ये आहे. शाळा आज चालू आहे. हे पाळणाघर शिमग्यापासून बंद आहे, म्हणून ही मुलगी घरी आहे. ही पोरं अंगणवाडीतली आहेत.

साहेबांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं. पाहुण्या बाई बराच वेळ सारिकाकडे बघत राहिल्या. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुमची फार मदत झाली. गाडीत बसल्या. मला वाटलं, आता होईल काहीतरी.

झालं ना. मला रोह्याच्या ऑफिसात बोलावलं, मुद्दाम गावापासून लांब. गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांचं काम कमी पडलं, असं ठरलं होतं. गावपातळीवरची कर्मचारी म्हणजे मी. मला पुढे कामावर ठेवणार नव्हते. दिल्लीच्या ऑफिसनं आपल्या उणिवा मोकळेपणानं मान्य केल्या म्हणून त्यांचं कौतुक झालं. ताईंना दिल्लीत वरची जागा मिळाली. पाळणाघराचं नावही कुणी काढलं नाही.

त्या दिवशी रोह्याला ताई म्हणाल्या, "तुला मी घडवलं गं. आणि तू माझ्याच पाठीत सुरा खुपसलास."

घरी परतताना तोच शब्द डोक्यात घोळत होता. घडवलं. पेणच्या कारखान्यात घडवतात तसं. घासून, रंगवून, पाटावर मांडून. आणि मांडलेल्या मूर्तीनं तोंड उघडायचं नसतं.

घरी आले तर आईनं हिरवं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी त्या ताईला लेक म्हनून नेसवलेलं. सोंगाला नाय." एवढंच. त्या दिवशी आई जेवली नाही.

सारिका अजून घरीच आहे.

आता त्याच संस्थेचा नवा टप्पा येतोय. नव्या ताई येऊन गेल्या, गोड बोलल्या. पाहुणे येणार आहेत, बायका जमवून द्या म्हणाल्या. सुनंदा मला विचारायला आली, "काय कराचा गो?"

मी म्हटलं, जमू. सगळ्या जमू, कारखान्याचा रोज बुडवून जमू. पण बसणार नाही. आधी कुलूप काढा, मावशींना कामावर घ्या, सारिकाला शाळेत जाऊ द्या. आणि खोटं वर कुणी कळवलं, ते आमच्यासमोर, आमच्या भाषेत सांगा. ते झाल्याशिवाय एकही बाई सतरंजीला पाय लावणार नाही. इंग्रजी-मराठी मधलं बोलणं मी सांगेन, शब्दाला शब्द. माझ्या गळ्यात कुणाचं कार्ड नसेल.

पाहुण्यांना तहान लागली तर पाणी देऊ. उत्तर घेतल्याशिवाय गाडी जाऊ देणार नाही.