उंबऱ्याबाहेरच्या चपला

"लागलं नाय ना, ताई?"

माझ्या पोटात सुरा खुपसून झाला की तो हे विचारायचा. दर वेळी. मी डोळे मिटून मेलेली, साडीवर लाल रंग, आणि हा वाकून कानाशी कुजबुजतोय. मेलेल्या बाईने काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. बरं, नाही दिलं तर पुन्हा विचारायचा.

पनवेलच्या आमच्या हौशी नाट्यमंडळात मी कायम सासू नाहीतर शेजारीण करत आले होते. त्या वर्षी पहिल्यांदा नायिका झाले, तीही वाढदिवशी खून होणारी. खून झाला की अंधार, अंधारानंतर तीच सकाळ, तोच गजर, तोच वाढदिवस, आणि संध्याकाळी तोच मुखवटेवाला सुरा घेऊन दारात. शेवटी ती त्याचा मुखवटा ओढून काढते, तेव्हा कुठे दुसरा दिवस उजाडतो. लोकांनी घाबरावं आणि हसावंही, म्हणून आमच्या सरांनी हे लिहिलं होतं. कुठे घाबरायचं आणि कुठे हसायचं, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

खुनी होता जवळच्या कोन गावचा. तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. उंचापुरा, रुंद खांद्यांचा. सरांनी बघताक्षणी त्याची निवड केली. तालमीला तो थेट ड्यूटीवरून यायचा. कपड्यांना कंपनीचा असा उग्र वास असायचा, की मारेकरी आला हे मला डोळे मिटूनही कळायचं.

पण हा मारेकरी घरात शिरताना चपला काढायचा.

हसू नका. आधी आम्हीही हसलो, मग रविवारमागून रविवार डोकं धरून बसलो. सुरा उगारून तो दारापर्यंत असा यायचा, की अंगावर काटा यावा. आणि उंबऱ्याशी थांबून, चपला काढून, भिंतीशी नीट जोडीने लावून मग आत. सर ओरडायचे, "अरे, खून करायला आलायस, पूजेला नाही!" तो ओशाळून म्हणायचा, "समोर देव हाय ना, सर." सरांनी सेटवरचा देव्हारा काढला. तरी चपला बाहेरच. मग सरांनी नाडीचे बूट आणले. तर हा उंबऱ्यावर बसून शांतपणे नाड्या सोडू लागला, आणि आत किंचाळून किंचाळून माझा घसा बसला. "पुन्हा पहिल्यापासून!" सर म्हणायचे. नाटकातली बाई एका दिवसात अडकली होती आणि आम्ही एका उंबऱ्यावर.

एकदा मी वैतागून विचारलं, "तुला काम करायचंय की नाही?"

"करायचंय ना, ताई. आईला आननार हाय मी. तिला वाटतं, मी नाटकात पडदा वढतो. शेवटी मुखवटा निघंल ना, तवा बघंल ती." मग म्हणाला, "आनि चपला घालून आत शिरलो, तर तिथंच उभी ऱ्हाऊन वरडंल माज्यावर."

मी सुरा उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला.

नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीला त्याच्या आईचा गुडघा धरला, ती आलीच नाही. पहिल्या खुनाला याने चपला काढल्या आणि प्रेक्षक खो खो हसले. माझा पहिलावहिला मृत्यू हशात गेला. मी आतल्या आत जळत पडून राहिले. त्यात अंधार झाल्यावर घाईत विंगेत पळताना हा चपला उचलायला विसरला. उजेड आला. तीच सकाळ. मी गजर बंद करून दाराकडे वळले, तर उंबऱ्याबाहेर त्याच्या चपला.

म्हणजे तो आत होता. मला आणि प्रेक्षकांना हे एकदमच कळलं. सभागृह चिडीचूप झालं, आणि मी जी किंचाळले ती खरीखुरी किंचाळले. त्या विसराळूपणावर आम्ही अंतिम फेरीत गेलो. सरांनी ताबडतोब संहितेत लिहिलं, चपला बाहेर. त्यानेही आपली जोडी हौसेने नाटकाच्या सामानात देऊन टाकली. त्यातल्या एकीचा अंगठा तुटला होता, तो त्याने तारेने बांधलेला होता.

अंतिम फेरीच्या दुपारी त्याचा फोन आला. "ताई, रिलीव्हर नाय आला." पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय चालता प्लांट सोडून निघता येत नाही. किती चिडले असेन मी! त्याचा आवाज मात्र अगदी बारीक झाला होता. "गावातली मानसं आईला घेऊन निघाली पन. तिच्याकडं फोन नाय." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "सरांना सांगा, सुरा हळू मारा."

सरांनीच मुखवटा चढवला. आठवणीने चपला काढल्या, सरळ लावल्या. सुऱ्याची लाकडी मूठ माझ्या बरगडीवर सणसणीत बसली. मी डोळे मिटून पडून राहिले. कानाशी कुणी वाकलं नाही. त्या दिवशी खरंच लागलं होतं.

शेवटच्या प्रवेशात मी मुखवटा ओढला. पुढच्या रांगेतून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "ह्यो आमचा नाय!" सगळं सभागृह हसलं. सरांनी ठरवलेल्या एकाही जागी इतकं हसू आलं नव्हतं.

त्यानंतर तो मंडळात आला नाही. गुजरातेत कुठल्याशा प्लांटवर गेला म्हणतात. मला राग येतो तो त्या न आलेल्या रिलीव्हरचा, ज्याचं मी तोंडही पाहिलेलं नाही. अजून येतो.

त्या दिवशी पडदा पडल्यावर त्याची आई गुडघा धरत रंगमंचावर चढली होती. आमच्या त्या प्लायवूडच्या दाराशी आली, स्वतःच्या चपला काढल्या, त्या तार बांधलेल्या जोडीशेजारी लावल्या आणि उंबरा ओलांडून आत आली. पलंगामागे वाकून पाहिलं, कपाटामागे पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"चपला तं त्याच्याच हायत," ती म्हणाली. "मंग त्यो कुटं हाय?"