पडणारी पट्टी

माझी लेक सई फूटपट्टी उभी धरते, माझे बाबा पट्टीखाली दोन बोटं उघडी ठेवून बसतात आणि ती न सांगता पट्टी सोडते; बाबांनी ती चिमटीत पकडायची. डोळ्यांना दिसलेलं मेंदूतून बोटांपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, ते म्हणे यातून कळतं. शाळेतल्या मुलांनी घरोघरी केलेली ही मोजमापं मेंदूच्या अभ्यासकांकडे जाणार आहेत. त्यांना आमचे बाबा कशाला हवेत, देव जाणे!

पट्टी खाली पडते. पुन्हा पडते.

"आजोबा, पट्टीकडे बघा ना! माझ्याकडे काय बघताय?"

"बघतोय गं," म्हणून बाबा नुसतेच हसतात.

मला परसातलं पेरूचं झाड आठवलं. शेंड्याकडचा पेरू काढताना माझा पाय सटकायचा आणि मी किंचाळायच्या आत बाबांचे हात माझ्याखाली आलेले असायचे. केवढे चपळ हात, असं वाटायचं तेव्हा.

आज त्यांना सईकडे बघताना पाहिलं आणि कळलं, हात काही फार चपळ नव्हते. माझ्या पायाखालच्या फांदीकडे ते कधी बघतच नसत. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत असत; पाय सटकणार हे त्यांना तिथे आधीच दिसत असे.