वन्संचा मान

आमच्या वन्संना खिडकी लागायची. बस असो, विमान असो, नाहीतर लग्नाचा हॉल असो, खिडकीची जागा त्यांची. "नणंदेचा मान असतो, वहिनी," म्हणून बसायच्या आणि लगेच घोरायला लागायच्या. खिडकीबाहेरचं काही त्यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

त्यांची पर्स मी धरायची, हाही मानच. न्यूझीलंडमधल्या आमच्या हेन्डरसनच्या दुकानांत, देवळात, दवाखान्यात. आत कंगवा, पावडर आणि हॉटेलातून उचललेल्या साखरेच्या पुड्या.

शेजारची माओरी बाई, मूळची तिथलीच, कुंपणावरून रोज "किया ओरा" म्हणून नमस्कार करायची. वन्सं तोंड फिरवून आत जायच्या. पण त्यांची मुलगी स्वाती आम्हा दोघींना इंग्लंडला घेऊन गेली, तेव्हा दिसेल त्या गोऱ्याला थांबवून सांगत सुटल्या, "वी आर फ्रॉम न्यूझीलंड."

मला तिथे एकच गोष्ट पाहायची होती. आमचे हे मालवाहू बोटीवर खलाशी होते. लग्नानंतरच्या पहिल्याच खेपेला त्यांची बोट व्हिटबी बंदराला लागली होती. तिथे टेकडीवर देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान आहे, तिच्याखाली उभं राहिलं की समोरच्या कड्यावर जुना पडका मठ दिसतो, असं सांगायचे. "तुला एकदा दाखवीन," म्हणायचे. दाखवायचं राहिलं आणि ते गेले. म्हणून स्वातीने व्हिटबीसाठी एक दिवस काढला होता.

तो दिवस वन्संनी खाल्ला. तळलेले मासे मागवले आणि वास येतो म्हणून तसेच टाकले. जुन्या गल्लीत काळ्या खड्यांच्या अंगठ्या घालून पाहिल्या, घेतली एकही नाही. मठाकडे लांबूनच बघून म्हणाल्या, "यांना छप्पर घालून घ्यायला काय झालं होतं?"

मी म्हटलं, "वन्सं, ती कमान तुमच्या भावाने सांगितलेली."

"हाडं काय बघायची, वहिनी?"

पण कमानीशी पोचल्यावर त्याच आधी खाली उभ्या राहिल्या. गॉगल लावून फोटो, गॉगल काढून फोटो, पदर घेऊन फोटो.

"आई, हीप्स झाले आता, ढीगभर फोटो," स्वाती म्हणाली. "बस सुटेल. मामीला उभी राहू दे की."

"माझा एक तरी नीट येऊ दे. वहिनी, पर्स सांभाळ."

मी पर्स बाकावर ठेवली आणि त्यांच्या पुढ्यातून चालत कमानीखाली गेले. समोर मठ होता, खाली बंदर. ह्यांनी सांगितलं होतं तसंच.

"वहिनी, पर्स! अगं, फोटोत आलीस!"

मी वळले नाही.

पुढे घरी येईल त्याला वन्सं तो फोटो दाखवायच्या. "आमच्या वहिनीला अक्कल नाही. चांगला फोटो नासवला."

या हिवाळ्यात वन्सं गेल्या. सामान आवरताना स्वातीने विचारलं, "मामी, आईची आठवण म्हणून काय देऊ? शाल? बांगड्या?"

मी तो फोटो मागितला.

"पण यात तुझी नुसती पाठ आहे. आणि आई तर अर्धीच आलीये."

"तेवढी पुरे," मी म्हटलं.