एक घागर गोडं पाणी

आमचं गाव घाटाखालचं. शेगावहून पायी निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं, पण पावसाळ्यात काळी माती पाय सोडत नाही आणि सगळे अंदाज चुकतात. गावात विहिरी पुष्कळ, पण बहुतेक साऱ्या खाऱ्या. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. रिठ्याला फेस येत नाही. न्हालेले केस वाळले की सुतळीसारखे होतात. गोड्या पाण्याच्या विहिरी दोनच होत्या. एक नाल्याकाठी, मोठी. दुसरी देवळाच्या आवारात, लहानशी.

माझी माय घाटावरची, चिखलीकडची. तिच्या माहेरी साऱ्याच विहिरी गोड. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी चूळ भरून थुंकली होती म्हणे, आणि आत्याला म्हणाली होती, "वन्स, तुमच्या गावात भाजीले मीठ कायले घालता?" आत्या ही गोष्ट कुणालाही सांगायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती विधवा झाल्यापासून आमच्याकडेच राहत होती.

गोडं पाणी प्यायला आणि डाळीला. अंगाला खारंच. हा गावाचा जुना रिवाज, आणि मायने तो कधी मोडला नाही. नाल्यावरून रोज डोक्यावर गोडं पाणी आणायची आणि स्वतः खाऱ्याने न्हायची. केसांत फणी अडकली की म्हणायची, "मले न्यायच्या दिवशी तरी गोड्या पाण्यानं आंघोळ घालजा. तेवढंच मागनं हाय माहं." आत्या हसायची. "तू मले पोचवून जाशीन," म्हणायची. मीही हसत असे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी अमरावतीला कॉलेजात होतो. आमच्या घरातून शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्या वर्षी पोळ्याला घरी आलो आणि झड लागली. ती उघडेना. नाल्याला असा पूर आला की काठावरची गोडी विहीर त्यात बुडाली. पाणी उतरल्यावर पाहिलं तर विहिरीत चिखल भरलेला, वर कडबा तरंगत होता, आणि शेतांतलं खारं पाणी झिरपून तिचीही चव गेली होती. सगळीकडे पाणीच पाणी. रस्त्यात, गोठ्यात, ओट्याच्या पायरीपर्यंत. आणि साऱ्या गावाला प्यायला उरली ती देवळातली लहान विहीर.

पंचांनी ठरवलं, घरटी रोज एक घागर. फक्त पिण्याला आणि डाळीला. चावडीवरचा एक माणूस काठी घेऊन विहिरीपाशी बसू लागला. तो कुणाला शिव्या देत नसे, फक्त काठी आडवी धरायचा. गावाबाहेरच्या वस्तीची विहीर वेगळी होती. तिचं काय झालं, हे त्या दिवसांत आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पोळा झाल्यावर मायला ताप भरला. रस्ते बंद, डॉक्टर शेगावला. अंगणात परात ठेवून आम्ही वरचं पाणी धरत होतो, पण पाऊस बारीक, भुरभुर पडणारा. दिवसभरात तांब्याभर जमायचं, तेच तिला पाजायचो. तापात ती घाटावरच्या विहिरींबद्दल काही काही बोलायची. एकदा डोळे उघडून मला म्हणाली, "ध्यानात हाय ना रे, बापू?" मी हो म्हणालो. काय ध्यानात आहे ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

एका सकाळी ती गेली. मला रडू आलं नाही. पुढेही आलं नाही. याचं कारण मला अजून नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं की मी उठलो आणि परातीत पाहिलं. तळ जेमतेम ओला होता. आदल्या संध्याकाळीच मायला पाजताना ती रिकामी केली होती. घरची घागरही तळाला गेली होती, आणि आजची आणली तरी ती पिण्याला आणि डाळीलाच. मग मी मोठं घंगाळ ओढत नेलं आणि धाब्याच्या, म्हणजे घरावरच्या मातीच्या सपाट छताच्या, पन्हळीखाली लावलं. पन्हळीतून चांगली धार पडत होती. मला वाटलं, वरून एवढं पाणी येतं आहे आणि आपण कुणाकडे मागत कशाला बसायचं?

आत्या दारात उभी राहून पाहत होती. "हे काय करून राह्यला?"

"मायच्या आंघोळीले."

"चाखून पाय."

मी ओंजळ धरून चाखलं. मिठासारखं खारट, वर मातीचा वास. आमच्याकडे धाब्यावर खारी माती पसरतात, कारण तिच्यातून पाणी आत गळत नाही. दर उन्हाळ्यात मी स्वतः बाबांबरोबर ती टोपल्यांनी वर चढवलेली. आत्या म्हणाली, "धाब्यावर काय घातलं तेही इसरला का, शिकल्या?" मग तिलाच वाईट वाटलं असावं. डोळ्याला पदर लावून ती आत गेली.

बाबा ओट्यावर बसून होते. मी त्यांना म्हणालो, "पाटलाकडे जाऊन येतो. एक घागर मागतो." त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

चावडीत पाटील होते आणि पंचांपैकी एक म्हातारे. मायची बातमी त्यांना कळलेली होती. पाटलांनी मला बसायला सांगितलं. मी उभाच राहून काय हवं ते सांगितलं.

म्हातारे म्हणाले, "कालेजात हेच शिकवते का बे? मेल्या माणसाले गोडं का खारं, काय समजते?"

"तिनं मागतलं होतं," मी म्हणालो.

"आमच्या म्हातारीनं तं लाडू मागतले होते."

"गप बसा ना, काका," पाटील म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाय बापू, तुह्या मायनं माह्या घरी चार लग्नांत पाणी भरलं. मले नाही म्हनवत नाही. पन आज तुले देल्लं तं उद्या कोणी पोराच्या बारशाले मागन, कोणी सोयऱ्यांले मागन. एकट्यानं हो म्हनता येत नाही. बाकीच्या पंचांले येऊ दे."

मी थांबलो. बाकीचे पंच चिखल तुडवत एकेक करून आले. प्रत्येकाने आधी मायबद्दल विचारलं, मग विहिरीत किती पाणी उरलं आहे ते. कुणी वाईट नव्हतं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्या पायांभोवती धोतरातून निथळलेलं पाणी साचत होतं. मी त्या पाण्याकडेच पाहत राहिलो. केव्हातरी पावसाचा आवाज थांबला. ते माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लक्षात आला नाही.

शेवटी पाटील म्हणाले, "ने एक घागर. पन उघडी ने, डोक्यावरून. लोकांले दिसू दे. इचारलं तं कायले नेऊन राह्यला तेही सांग."

विहिरीपाशी त्या माणसाने काठी बाजूला घेतली आणि घागर स्वतः भरून माझ्या डोक्यावर ठेवली. कधी डोक्यावर पाणी वाहिलं नव्हतं. दोन्ही हातांनी धरूनही ते मानेवर सांडत होतं. वाटेत कुणी काही विचारलं नाही. बाया दारातून आत सरकल्या.

आमच्या ओट्यापुढे माणसं जमली होती. तिरडी बांधून झाली होती. कपाशीच्या कोरड्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या गाडीत भरून वर घोंगड्या टाकल्या होत्या. आत मायला हिरवं लुगडं नेसवलेलं, कपाळभर मळवट भरलेला. केस ओले होते आणि कपाळाशी चिकटून सुतळीसारखे वळले होते.

"पाऊस उघडला म्हनून घाई केली, बापू," आत्या म्हणाली. "नाल्याले पुन्हा पूर आला तं मसणात कसं जाता? मानसं म्हने, आत्ताच काढा. मी म्हनलं त्याइले, पोरगा येऊन राह्यला. पन..."

"मग आता घाल."

"मळवट भरल्यावर पुन्हा पानी घालत नाही रे."

मी घागर डोक्यावर घेऊन तसाच उभा. शेजारच्या कुणीतरी ती उतरवून घेतली. आत्याने त्यातलं पळीभर पाणी मायच्या ओठांवर सोडलं. ते आत गेलं नाही. गालावरून ओघळून कानाशी थांबलं. मग बाहेरून हाक आली आणि आम्ही तिला उचललं.

परतलो तेव्हा झड पुन्हा सुरू झाली होती. मी ओट्याखाली उभा राहून खाऱ्या पाण्याने आंघोळ केली. घरात चूल पेटवायची नव्हती. शेजारून पिठलं-भाकरी आली, आमच्या वाटणीचं पाणीही शेजारच्यांनीच आणून दिलं. ती घागर आत्याने कोपऱ्यात ठेवून वर ताट झाकलं. तिच्यातलं पाणी कुणी प्यायलं नाही. जाता-येता मला ताट दिसायचं, पण ते उचलून पाहावं असं वाटलं नाही.

राख सावडून आलो त्या संध्याकाळी आत्याने चूल पेटवली. तुरीची डाळ निवडली, धुतली. मग कोपऱ्यातली घागर पुढे ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. तिने पाणी ओतलं.

डाळ लवकर शिजली. बाबा जेवायला बसले. मायला नेल्यापासून ते कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. भाकरी वरणात बुडवून त्यांनी पहिला घास खाल्ला, मग दुसरा.

"डाय चांगली शिजली," ते म्हणाले.

आत्या चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिली. बाहेर पन्हळीची धार अंगणात पडत होती. मी वाटी पुढे केली आणि अजून वरण घेतलं.