आई-बापाचा जबाब

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. कोणता तपास कोणत्या ठाण्यातला, हे आठवायलाही वेळ लागतो. एका प्रकरणाचं मात्र तसं झालेलं नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. विषारी दारू प्यायलेला एक मुलगा होता, आणि तो कुठे आहे हे त्याचे आई-बाप सांगत नव्हते.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी जळगाव जामोदच्या बाजूला फौजदार होतो. दारूबंदी लागू होती, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यांत हातभट्ट्याही होत्या. एक भट्टी फोडली की पुढच्या नाल्यात धूर दिसायचा.

मुलगा विशीच्या आतला. वडील मिरची-वांगी पिकवून बाजाराला आणत. नशेत त्यानं एका दुकानापुढची सायकल उचलली आणि दारूसाठीच विकून टाकली. पहिला गुन्हा आणि वय लहान, म्हणून मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. परिवीक्षेचा कायदा तेव्हा नवा होता. आमच्या शिपायांना तो शब्द धड उच्चारता येत नसे. अटी सरळ होत्या. दारूला शिवायचं नाही, दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात हजेरी द्यायची, आणि अट मोडली तर सायकलच्या गुन्ह्याची शिक्षा भोगायची. वडील जामीन राहिले होते. जिल्ह्याहून परिवीक्षा अधिकारी अधूनमधून येत आणि मुलाला चार शब्द सांगत. आई-बापाशी मात्र कुणीच काही बोलत नसे. पोरगा त्यांच्या घरात राहत होता, पण कागदोपत्री तो आमचा होता.

थंडीचे दिवस होते. सकाळची परेड नुकतीच संपली होती, तेवढ्यात त्या मुलाच्या गावचा कोतवाल सायकल हाणत आला. धाप लागली होती, तरी बसायला तयार नव्हता.

"सायेब, शेजारच्या गावातले दोघं जन दवाखान्यात आनले. एकाले तं काहीच दिसून नाही राह्यलं. भट्टीवाल्यानं मालात पालिशचं स्पिरिट टाकलं म्हनतात. तो पयून गेला." मग त्यानं आवाज खाली आणला. "त्या हजेरीवाल्या पोराच्या घरीबी एक बाटली गेली. काल दिवस बुडताना."

मी आधी दवाखान्यात गेलो. डॉक्टर त्या दोघांपाशीच होते. मान वर न करता म्हणाले, "आणखी कुणी प्यायलं असेल तर उचलून आणा. सुरुवातीला माणूस बरा दिसतो, त्यावर जाऊ नका. आधी डोळे जातात, मग जीव."

ठाण्याला गाडी नव्हती. जमादाराला घेऊन मी सायकलवर निघालो. वाटेत एकच विचार डोक्यात होता. काल दिवस बुडताना बाटली घरात गेली. म्हणजे रात्र गेली होती, सकाळही सरत आली होती.

वडील अंगणात दोरी वळत बसले होते. मी विचारायच्या आत म्हणाले, "पोरगा मामाच्या गावी गेला, सायेब. लोणारले."

खोटं बोलणाऱ्या माणसाचं उत्तर तयार असतं. खरं सांगणारा जरा आठवतो, अडखळतो. शिवाय लोणार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. विचारूनही लवकर कळू नये एवढं लांब.

"कधी गेला?"

"काल."

"काल बाजार होता. त्यानं ठाण्यात हजेरी दिली."

ते हातातली दोरी वळत राहिले. मी म्हणालो, "मी त्याला धरायला आलो नाही. त्याला दवाखान्यात न्यायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. जमादाराकडे बोट दाखवून म्हणाले, "मांगच्या बारीले हे सायेब असंच बोलले. चाल, दोन गोष्टी इचारतो अन् सोडतो म्हने. अन् बाहेर नेऊन बेड्या घातल्या."

ते खरं होतं. मी जमादाराला गावात चौकशीला पिटाळलं आणि चुलीपाशी बसलेल्या मुलाच्या आईकडे वळलो. साक्षीदार वेगवेगळे विचारायचे ही आमची रीत. वडील अंगणात, आई आत. मी उंबऱ्यावरच बसलो.

"बाई, मुलगा कालपासून प्यायलाय का?"

"मले काय मालूम?" त्यांनी भाकरी उलटली.

मी दमदाटी केली नाही. ज्या बाईला पोराचं भय आहे, तिला पोलिसाचं भय घालून उपयोग नसतो. दवाखान्यात जे पाहिलं होतं तेवढं सांगितलं. शेजारच्या गावचा माणूस, डोळे उघडे, आणि बायको समोर उभी असताना तो तिलाच हाक मारत होता.

भाकरी तव्यावर करपायला लागली. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"डोये जातात?"

"जातात. मग जीवही जातो."

"तो सकायी म्हने, माय, धुकं पडलं काय?" त्या हळूच म्हणाल्या. "मी म्हनलं, नाही रे, ऊन पडून राह्यलं."

म्हणजे तो प्यायला होता, आणि विषानं काम सुरू केलं होतं.

"कुठे आहे तो?"

त्या म्हणाल्या, "सांगतलं तं त्याले जेलात टाकसान ना?"

त्या घटकेला 'नाही' म्हणणं फार सोपं होतं. म्हटलं असतं तर पोरगा मिनिटात हाती आला असता, असं मला वाटत होतं. पण मागच्या वेळचं आमचं गोड बोलणं त्या घरात अजून बसून होतं.

"बाई, मला रिपोर्ट करावाच लागेल," मी म्हणालो. "कोर्ट काय करेल ते माझ्या हातात नाही. पण आई-बापानं आपण होऊन सांगितलं, हे मी कोर्टात उभा राहून सांगीन. एवढाच शब्द देऊ शकतो."

त्या रडू लागल्या. बोलले ते वडील. दोरी टाकून ते दारात येऊन उभे होते.

"माह्या मयात हाये, सायेब. कडब्याच्या गंजीमागं झोपवला." मग बायकोकडे न पाहता म्हणाले, "बाटली त्यानं नाही आनली. म्या आनली."

बाईंचं रडणं थांबलं. "तुम्ही?"

"त्याचे हात कापत होते व. घाम फुटे, रात रात डोया लागे नाही. कोनाले इचारू? ठान्यात सांगतलं तं बंधपत्र मोडते. म्हनलं थोडी थोडी देतो अन् सोडवतो." एवढं बोलून ते खालीच बसले. "म्या माह्या हातानं त्याले जहर पाजलं."

मी त्यांना दंडाला धरून उठवलं. मळ्यात गंजीमागे मुलगा घोंगडी पांघरून पडला होता, श्वास जोरजोरात चालला होता. "बाबा, अंधार काऊन झाला?" असं त्यानं विचारलं तेव्हा बापानं त्याला उचललंच. आम्ही बैलगाडी जुंपली. सारी वाट आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला बोलतं ठेवत होती, आणि तो उत्तर द्यायला उशीर करायचा तेव्हा आम्ही तिघंही श्वास रोखून धरायचो.

डॉक्टरांनी शर्थ केली. शेजारच्या गावचा तो माणूस वाचला नाही. हा मुलगा वाचला, पण एका डोळ्याची नजर अधू झाली ती कायमची.

कोर्टात मी शब्द पाळला. पळालेला भट्टीवाला पुढे सापडला, तेव्हा वडिलांनी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, आणि आपण बाटली आणली हेही लपवलं नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ताकीद देऊन बंधपत्र चालू ठेवलं. परिवीक्षा अधिकाऱ्यांना मी विनंती केली, की यापुढे मुलासोबत आई-बापालाही बोलवा. डॉक्टर एका बाजाराच्या दिवशी ठाण्यात आले आणि दोघांना समजावलं, की दारू सुटताना हात कापतात, घाम येतो, तेव्हा घरी दडवायचं नाही, थेट दवाखान्यात आणायचं. आईनं इतकं खोदून खोदून विचारलं की डॉक्टरांचा चहा गार झाला.

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. एका लग्नात मुलगा पुन्हा प्यायला. दुसऱ्या दिवशी वडीलच त्याला घेऊन आले. "सायेब, काल पिला. लिहून घ्या, अन् दवाखान्यात चला," असं म्हणाले. मुलगा मान खाली घालून उभा होता, पण पळाला नव्हता. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत तरी तो प्यायल्याचं कानावर आलं नाही.

या प्रकरणानं मला शिकवलं ते असं, की मुलाला सुधारायचा हुकूम कोर्ट देऊ शकतं, पण तो पार पाडला जातो घरात. त्या घराला आपली धास्ती वाटत असेल, तर घर मुलाला आपल्यापासून लपवील, आणि लपवता लपवता गमावील. आई-बाप खोटं बोलले म्हणून मी पुढे कधी त्यांना आरोपीच्या रांगेत उभं केलं नाही. आधी पाहिलं, ते कशाला घाबरलेत.

बदलीच्या थोडं आधी पलीकडच्या गावचं एक जोडपं ठाण्यात आलं. तक्रार नव्हती, चोरी नव्हती. त्या मुलाच्या वडिलांनीच त्यांना पाठवलं होतं. नवरा बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. शेवटी बायकोच म्हणाली, "आमचं पोरगं पेते, सायेब. काय करा लागते?"

मी शिपायाला दोन खुर्च्या आणायला सांगितल्या.