बिनमालकाची पेशंट

आमच्या आसेगावकडच्या जनावरांच्या दवाखान्यात किस्से कसे साठतात म्हणून सांगू! मी तिथे अठरा वर्षांपासून परिचर. रजिस्टर भरलं की कपाटात जातं, किस्सा मात्र चहाच्या टपरीवर जातो अन् मोठा होऊन परत येतो. पण हे मांजरीचे किस्से कोणी मोठे केलेले नाहीत. देवाशपथ!

*

शेवंताबाई म्हणजे रोजानं शेतात निंदायला जाणारी, एकटी राहणारी बाई. एका सकाळी कोंबड्या झाकायचं डालं डोक्यावर घेऊन आली. आत मांजर! कुत्र्यांनी पोटाजवळ फाडलेली. वाशीमच्या एका खाजगी डॉक्टरनं फोनवर सांगितलेला खर्च ऐकून बाईनं फोनच ठेवून दिला होता.

"इथं फुकट पाह्यता नं, सायेब? थे गेली तं मह्या घरात बोलाले कोणी नाही."

आमचे डॉक्टरसाहेब म्हणजे म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस. त्यांनी डाल्यात डोकावलं अन् दोन पावलं मागे सरले!

"अहो, कॉलेज सुटल्यापासून मांजरीला हात लावलेला नाही मी!"

पण परत पाठवलं नाही. नागपूरच्या मित्राला फोन लावून गुंगीच्या इंजेक्शनचा डोस विचारून घेतला.

*

डोस ठरतो वजनावर. बैलाचं वजन आम्ही छातीला टेप लावून काढतो. मांजरीला टेप कोण लावणार? मी तिला पिशवीत घालून समोरच्या किराणा दुकानात नेलं अन् पिशवी काट्यावर ठेवली. आतून गुरगुर ऐकू आली तसा दुकानदार स्टुलावर चढला.

"तीन किलो! उचल लवकर, पैशे नोको!"

*

मग केसपेपर. मालकाचे नाव?

"मी कायले मालकीण? थे येते, भाकर खाते, जाते. कोणाच्या बापाची नाही थे!"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "राहू दे मोकळं, नंतर बघू."

*

इंजेक्शन देताना धरायला माणूस हवा. रांगेत जगदेवभाऊ होते, मारका बैल एकट्यानं खोड्यात घालणारे. बाह्या सरसावून पुढे आले. मांजरीनं एकदाच फिस्स केलं अन् भाऊ थेट आपल्या बैलामागे!

"सायेब, हे जनावर लय मोठं हाये!"

शेवटी शेवंताबाईनंच धरली. गुंगी चढली, अन् म्हशीचं कातडं शिवणाऱ्या त्या जाड बोटांनी साहेबांनी जे टाके घातले ना, बघतच राहावं! अकरा टाके, बारीक अन् सरळ. रांगेतली माणसं बैल झाडाला बांधून खिडकीशी आली होती, कोणी तंबाखूसुद्धा मळत नव्हतं.

निघताना साहेब म्हणाले, "पुढच्या बुधवारी टाके काढू."

शेवंताबाई गुंगीतल्या मांजरीच्या कानाशी वाकली. "ऐकलं काय? बुधवारी."

आम्ही सगळे पोट धरून हसलो.

*

तिसऱ्याच दिवशी मांजर डाल्याखालून पसार! बाई काम बुडवून गल्लोगल्ली हिंडली. मंगळवारी रडत दवाखान्यात आली.

"टाके आतच सडतीन, सायेब. मरते आता थे."

साहेब उगाच कात्री पुसत बसले. मीही खाली मान घालून फरशी पुसत राहिलो.

बुधवारी दहा वाजता दारात सहा बैल उभे होते. त्यांच्या पायांमधून, कोणाकडे न बघता, मांजर आली. टेबलावर चढली. कुशीवर पडली.

गुंगी नाही, धरायला कोणी नाही. साहेब एकेक टाका कापत गेले, तिनं पंजासुद्धा हलवला नाही. अकरा टाके निघाले. ती उठली, अंग चाटलं, उतरली अन् आली तशी गेली. जगदेवभाऊंनी तिला वाट द्यायला बैल मागे ओढला.

तेवढ्यात शेवंताबाई धापा टाकत आली. मी सगळं सांगितलं, तर डोळे पुसून म्हणते, "मंग! सांगतलं नोतं काय मी तिले?"

साहेबांनी तो जुना केसपेपर मागवला, अन् मालकाच्या मोकळ्या रकान्यात लिहिलं, 'स्वतः'.